उमेद उभी करावी लागते

दिवा जंक्शनात रूळ चार दिशांना फुटतात. एक फाटा मुंब्रा-कळव्यावरून ठाण्याला जातो, दुसरा कोपर-डोंबिवलीवरून कल्याणला. तिसरा दातिवली, निळजे करत तळोज्यावरून पनवेलला वळतो आणि चौथा भिवंडीमार्गे वसईला. कोकणात जाणारी सावंतवाडीची गाडी इथूनच सुटते, म्हणून दिव्याला अर्धं कोकण वस्तीला आलेलं आहे. ही सगळी माहिती दिवेकरांना पाठ असते. पण याच नकाशावर आणखी एक खूण आहे आणि तिच्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही. ठाण्याच्या फाट्यावर ठाणे मध्यवर्ती कारागृह आहे, कल्याणच्या फाट्यावर आधारवाडीचं जिल्हा कारागृह आणि पनवेलच्या फाट्यावर तळोजा मध्यवर्ती कारागृह. तीन तुरुंगांच्या मधोमध असलेलं हे स्टेशन आहे.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'उमेद' हा विषय दिला, तेव्हा मला हा नकाशा आठवला. उमेद सगळ्यात कमी कुठे असेल, तिथे ती कशी तयार होते ते बघावं, असं वाटलं.

मुलाखतीला निघालेली माणसं

कामावर जाणाऱ्यांची पहिली मोठी लाट ओसरली की दिव्याच्या फलाटावर काही वेगळी माणसं दिसू लागतात. बहुतेक बायका असतात. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत दोन बनियन, एखादा टॉवेल, आधार कार्ड आणि त्याच्या झेरॉक्स. सोबत शाळा बुडवून आणलेलं एखादं मूल. ही माणसं 'मुलाखती'ला निघालेली असतात. चाळीत शेजाऱ्यांना मात्र त्यांनी वेगळंच सांगितलेलं असतं. नवरा गावाला गेलाय, मुलगा बाहेरगावी कामाला लागलाय. तुरुंगवासाची पहिली शिक्षा घरच्यांना होते ती ही, रोज खोटं बोलण्याची.

ठाण्याचा तुरुंग कोर्ट नाक्याजवळ आहे. हा मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी त्याचं बांधकाम काढलं आणि १७३७ साली मराठ्यांनी तो घेतला. पुढे इंग्रजांकडे गेल्यावर त्याचा तुरुंग झाला. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ साली इथूनच निसटले होते. जॅक्सन वधाच्या खटल्यात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी याच भिंतींच्या आत फाशी झाली. या तुरुंगाची मंजूर क्षमता १,१०५ आहे आणि आत असलेल्या बंद्यांची संख्या वर्षानुवर्षं तिच्या कितीतरी पट राहिली आहे. आधारवाडीची क्षमता ५४० आणि तिथलीही गत तीच.

दारात रांग असते. रांगेतली जुनी माणसं नव्यांना शिकवतात. 'मावशी, आधार ओरिजिनल आणलंय ना? नुसत्या झेरॉक्सवर आत घेत नाहीत.' नाव लिहिलं जातं, ओळखपत्र तपासलं जातं, पिशवी उलटसुलट केली जाते. मग काचेच्या पलीकडे माणूस, अलीकडे माणूस, मध्ये फोनचा रिसीव्हर आणि बोलायला काही मिनिटं. तेवढ्यात वकिलाचं काय झालं, खोलीचं भाडं कुणी भरलं, पोराचा निकाल काय लागला, हे सगळं बसवायचं. अलीकडे ई-मुलाखतीमुळे मोबाइलवरूनही भेटता येतं. आतल्या माणसाला फोन करण्याची सोयही झाली आहे. काही कारागृहांत 'गळाभेट' नावाचा उपक्रम होतो. त्यात मुलांना काचेविना आईबापांना भेटू देतात, मांडीवर बसू देतात.

तुरुंगात वर्षानुवर्षं काम केलेल्या अधिकाऱ्यांना आणि समाजसेवकांना एक गोष्ट ठाऊक असते. ज्याची मुलाखत येते तो कैदी निराळा वागतो. तो दाढी करतो, कपडे धुतो, भांडणातून अंग काढून घेतो. ज्याची मुलाखत यायची थांबते तो हळूहळू सगळंच सोडून देतो. म्हणून दिव्याहून सुटणाऱ्या त्या लोकलमधली पिशवीवाली बाई या सगळ्या सुधारणेच्या कामातली पहिली कामगार आहे. तिला कुणी पगार देत नाही.

तारीख

आत गेलेल्या माणसाला घड्याळापेक्षा 'तारीख' महत्त्वाची असते. कोर्टाची पुढची तारीख. तारखेला पोलिसांची 'कैदी पार्टी' मिळाली तर कोर्टात नेतात, नाही तर पडद्यावरून हजेरी लागते आणि पुढची तारीख पडते.

देशभरच्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२ म्हणजे दर चारांतली तीन माणसं न्यायाधीन, तुरुंगाच्या बोलीत 'कच्चे कैदी' होती. त्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा होता. आपण तुरुंगातल्या सुधारणेबद्दल बोलतो तेव्हा डोळ्यांसमोर शिक्षा भोगणारा, पश्चात्ताप करणारा माणूस असतो. प्रत्यक्षात बराकीत बहुसंख्य असतो तो वाट बघणारा. शिक्षा झालेल्या 'पक्क्या' कैद्याला आपण कधी सुटणार याचा हिशेब मांडता येतो. चांगल्या वर्तनाबद्दल आणि कामाबद्दल दर महिन्याला शिक्षेत सूट मिळते, फर्लो मिळते, पॅरोल मिळतो. कच्च्या कैद्याला यातलं काहीच लागू नाही. कारखान्यातलं कामही प्रामुख्याने पक्क्यांनाच मिळतं. निर्दोष असण्याची शक्यता ज्याच्याकडे अजून शिल्लक आहे, त्याच्याच हातात करायला काही नाही, ही आपल्या तुरुंगांची सगळ्यात मोठी विसंगती आहे.

यात दिव्याचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला असं नव्हे. जामीनदार लागतो. त्याच्याकडे रेशन कार्ड हवं, पगाराची स्लिप हवी, नाही तर घरपट्टीची पावती किंवा सातबारा हवा. काही वेळा तहसीलदाराचा सॉल्व्हन्सी दाखला मागतात. दिव्यात परवानगीशिवाय उभ्या राहिलेल्या इमारती भरपूर आहेत आणि त्यांतल्या खोल्यांत अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी माणसं त्याहून भरपूर. कुणाच्या नावावर काय आहे हे त्यांना स्वतःलाच सांगता येत नाही, ते कोर्टाला काय दाखवणार? गावाकडे वडिलोपार्जित जमीन असते, पण तिच्या सातबाऱ्यावर वीस नावं. 'जामीन झालाय, जामीनदार नाही' हे वाक्य अशा घरांत पुन्हा पुन्हा ऐकू येतं.

यावर उपाय झालेले आहेत आणि ते माहीत असणं हीच अनेकांसाठी पहिली उमेद आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं की जामिनाचा आदेश ई-मेलने थेट तुरुंगाकडे जावा. एका महिन्यात जामीनपत्र भरता आलं नाही, तर कोर्टाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा, असंही त्याच आदेशात आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायचं आहे. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या काळाची आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तरी नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं की ही तरतूद जुन्या खटल्यांतल्या कच्च्या कैद्यांनाही मिळेल. केंद्र सरकारने २०२३ मध्ये आणलेल्या योजनेत गरीब कच्च्या कैद्याला जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि दंड न भरल्यामुळे अडकलेल्या पक्क्या कैद्याला २५ हजारांपर्यंत मदतीची सोय झाली. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं.

पण कलम आपोआप बराकीत पोचत नाही. कुणीतरी बसून यादी करावी लागते, कुणी किती दिवस आत आहे हे मोजावं लागतं, अर्ज लिहावा लागतो. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून नेमकं हे काम करत आला आहे. तुरुंगात जाऊन कच्च्या कैद्यांशी बोलायचं, घरचा पत्ता शोधायचा, वकिलाला गाठायचं, सुटल्यावर कामाला लावायचं. या कामात टाळ्या नाहीत. एखाद्याच्या फाइलमधला हरवलेला कागद सापडला की तो माणूस घरी जातो.

बंदी झाल्यानंतरचे तास

तुरुंगाचा दिवस लवकर उजाडतो आणि फार लवकर मावळतो. पहाटे बराक उघडते, मोजणी होते, चहा-नाश्ता, मग जेवण, पुन्हा मोजणी. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास सगळे आत घेऊन बराक बंद होते ती दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत. मधले बारा तास माणूस शेजाऱ्याच्या अंगाला अंग लावून पडून असतो. हे तास कसे भरले जातात यावर माणूस आतून कसा बाहेर पडणार ते ठरतं. शेजारी मुरलेला गुन्हेगार असेल तर एक शाळा सुरू होते. शेजारी वाचणारा असेल तर दुसरी.

या दुसऱ्या शाळेची सुरुवात बहुधा अर्जापासून होते. ज्याला लिहिता येतं त्याच्याभोवती माणसं जमतात. याचा जामीन अर्ज, त्याचं घरी पत्र, कुणाचं तुरुंग अधीक्षकांना निवेदन. बाहेर ज्याच्या शिक्षणाला किंमत नव्हती तो इथे एकदम उपयोगाचा माणूस ठरतो. आणि दुसऱ्याकडून पत्र लिहून घेताना लाज वाटू लागली की अंगठेबहाद्दर पाटी मागतो. साक्षरता वर्गानंतर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नू यांची केंद्रं तुरुंगांतूनच पदवीपर्यंत नेतात. इग्नूने कैद्यांचं शुल्क माफ केलेलं आहे. शिक्षण पूर्ण करणाऱ्याला शिक्षेत विशेष सूटही मिळते.

कुणी म्हणेल, सुटकेचे दिवस जवळ यावेत म्हणून परीक्षा देतात. देऊ देत. बाहेर तरी आपण पदवी निव्वळ ज्ञानासाठी कुठे घेतो? बक्षिसाच्या आशेने उघडलेलं पुस्तकही माणसाला आत ओढून घेऊ शकतं. घाटकोपरचे लक्ष्मण गोळे एकेकाळी गुन्हेगारी टोळीत होते. तुरुंगात त्यांच्या हाती गांधीजींचं आत्मचरित्र पडलं. ते वाचून त्यांनी न्यायालयापुढे आपले गुन्हे कबूल केले आणि सुटल्यावर मुंबई सर्वोदय मंडळाच्या कामात उतरले. हे मंडळ तुरुंगांतून गांधी विचार परीक्षा घेतं. ज्या भिंतींच्या आत गोळे कैदी म्हणून राहिले होते, तशाच भिंतींच्या आत ते पुढे कैद्यांशी बोलायला जाऊ लागले. कैद्याला हे बोलणं पटतं, कारण समोरच्याने जेलचा भत्ता खाल्लेला आहे.

बुद्धिबळाचंही तसंच. इंडियन ऑइलच्या 'परिवर्तन' उपक्रमात ग्रँडमास्टर अभिजित कुंटे यांच्या मार्गदर्शनाखाली येरवड्यातल्या कैद्यांना बुद्धिबळ शिकवलं गेलं. २०२३ च्या ऑक्टोबरात जगभरच्या कैद्यांच्या ऑनलाइन स्पर्धेत येरवड्याच्या संघाने सुवर्णपदक जिंकलं. मला यात पदकापेक्षा खेळाची निवड महत्त्वाची वाटते. तुरुंगात आलेल्या कितीतरी माणसांचं आयुष्य एका क्षणाच्या रागात मोडलेलं असतं. हात उचलण्याआधी पुढच्या तीन चाली बघायची सवय ज्याला लागते, त्याने फार मोठी गोष्ट कमावली. विपश्यनेचं पहिलं तुरुंगातलं शिबिर १९७५ साली जयपूरला झालं आणि १९९४ मध्ये तिहारला एकाच वेळी हजार कैदी बसले, तेही याच कारणासाठी. रागाची चाहूल वेळेवर लागावी म्हणून.

नाशिक, धुळे आणि आपला वारसा

मराठी माणसाला तुरुंगातून उजेड येतो हे नव्याने सांगायला नको. लोकमान्यांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात लिहिलं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. त्याची 'गीता प्रवचने' झाली. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहून काढली, तीही दिवसभराचं काम उरकून मिळालेल्या वेळात. महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलेलं आईचं पुस्तक कैद्याने लिहिलेलं आहे.

मात्र ही उदाहरणं आजच्या कैद्यापुढे ठेवताना जपून ठेवावीत. गुरुजींना आपण का आत आलो याचा अभिमान होता. बाहेर पडल्यावर गळ्यात हार पडणार होते. दिव्यातून आधारवाडीला गेलेल्या पोराकडे तो अभिमान नाही. त्याच्याकडे अपराधाचं ओझं असतं, किंवा आपल्याला उगाच गोवलं याचा संताप. म्हणून त्याची उमेद आपोआप उगवत नाही, ती बाहेरच्यांनी मिळून उभी करावी लागते. एक कुदळ, एक बँक आणि एक विश्वास ठेवणारा माणूस, एवढ्यानेही ती उभी राहते याची दोन उदाहरणं महाराष्ट्रातच आहेत.

भिंत नसलेला तुरुंग, तारण नसलेलं कर्ज

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. १९३९ साली औंध संस्थानात पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्या कल्पनेला पाठबळ दिलं. खुनासारख्या गुन्ह्यातल्या कैद्यांना भिंतीबाहेर आणायचं, जमीन कसायला द्यायची आणि बायकापोरांसह राहू द्यायचं. पळून जायला कुणाची आडकाठी नव्हती. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' याच प्रयोगावरून आला, त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. चित्रपट जगभर गेला. पण खरी गोष्ट ही की वसाहत आजही चालू आहे. आजही तिथे निवडक कैदी कुटुंबासह राहून शेती करतात.

दुसरं उदाहरण अलीकडचं. १ मे २०२२ रोजी येरवड्यात महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने 'जिव्हाळा' योजना सुरू केली. शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला ७ टक्के व्याजाने ५० हजारांपर्यंत कर्ज, तारण नाही, जामीनदार नाही. हप्ता त्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून जातो. आत असलेल्या बापाने मुलीची फी भरली, घराचं पत्र्याचं छप्पर बदललं, वकिलाचे पैसे दिले, असा त्याचा अर्थ. मुलाखतीच्या काचेपलीकडे बसलेल्या माणसाला अनेक वर्षांनी 'मी बघतो काय ते' असं म्हणता येतं. कुटुंबात परत जागा मिळवण्याचा याहून साधा रस्ता दुसरा नाही.

अर्थात त्यासाठी मजुरी हवी. तुरुंगाच्या कारखान्यांत सुतारकाम, विणकाम, शिवणकाम, बेकरी चालते. दिवाळीच्या तोंडावर कारागृहांच्या विक्री केंद्रांत कंदील, पणत्या, फर्निचर, फराळ मांडला जातो. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांना न्याय्य मजुरी मिळाली पाहिजे असं सांगितलं आणि तिचा काही भाग गुन्ह्याची झळ बसलेल्यांसाठी बाजूला काढण्याचा कायदा करावा असंही सुचवलं. मजुरी अजूनही बाहेरच्या किमान वेतनाच्या जवळपासही नाही. तो निकाल पूर्ण अर्थाने अमलात आला तर दोन घरं सावरतील, कैद्याचं आणि ज्याचं नुकसान झालं त्याचंही. कैद्याच्या उमेदीबद्दल लिहिताना त्या दुसऱ्या घराकडे पाठ फिरवता येत नाही. ज्या घराने माणूस गमावला, ज्या मुलीवर अत्याचार झाला, त्यांना कैद्याच्या पदवीचं कौतुक करायला सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण तुरुंगातून बाहेर आलेला माणूस पुन्हा गुन्हा करणार नाही, एवढी खात्री त्यांनाही हवी असते. सुधारणा त्यासाठीच आहे.

सुटल्यानंतरचं स्टेशन

सुटका बहुधा संध्याकाळी होते. कागद येतो, नाव पुकारलं जातं, जमा केलेल्या वस्तू परत मिळतात. माणूस कोर्ट नाक्यावरून चालत ठाणे स्टेशनला येतो आणि दिव्याची लोकल धरतो. इथवरची जबाबदारी शासनाची होती. इथून पुढची आपली आहे, आणि नेमकी इथेच साखळी तुटते.

खोली भाड्याने देताना मालक विचारतो. सिक्युरिटी गार्डच्या नोकरीला चारित्र्य पडताळणी लागते. गोदामात, कुरिअरमध्ये, सोसायटीत, सगळीकडे पोलिसांचा दाखला. निर्दोष सुटलेल्यालाही 'आत जाऊन आलाय' एवढंच चिकटतं. ज्याने आत सुतारकाम शिकलं त्याला हत्यारं घ्यायला पैसे नसतात, ज्याने पदवी घेतली त्याला मधल्या वर्षांचा हिशेब देता येत नाही. मग जुने मित्र भेटतात. ते दाखला मागत नाहीत.

१८९४ च्या तुरुंग कायद्याच्या जागी महाराष्ट्राने डिसेंबर २०२४ मध्ये कारागृहे व सुधारसेवांचं नवं विधेयक विधिमंडळात मंजूर केलं. खात्याच्या नावातच आता सुधारसेवा आहे. पण १,१०५ माणसांच्या जागेत त्याच्या कितीतरी पट माणसं कोंबून आणि त्यांतल्या बहुसंख्यांना काम न देता सुधारसेवा होत नाही. कच्च्या कैद्याला, त्याची इच्छा असेल तर, पहिल्या आठवड्यापासून वर्ग आणि काम मिळालं पाहिजे. कलम ४७९ ची यादी दर महिन्याला प्रत्येक तुरुंगाच्या दारावर लागली पाहिजे, म्हणजे रांगेतल्या त्या मावशीला आपल्या मुलाचा दिवस भरला की नाही ते वाचता येईल.

बाकीचं तुम्हा-आम्हाला करता येण्यासारखं आहे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत, भिवंडीच्या गोदामांत, ठाण्याच्या कारखान्यांत ज्यांच्या हातात माणसं नेमण्याचा अधिकार आहे, त्यांनी दरवर्षी एका तरी सुटून आलेल्या माणसाला काम द्यावं. वाचून झालेली चांगली मराठी पुस्तकं रद्दीत न घालता कारागृहाच्या ग्रंथालयाला द्यावीत, आधी अधीक्षकांना विचारून. या दिवाळीत कंदील घेताना कारागृहाच्या विक्री केंद्रात एकदा डोकावावं. आणि चाळीतल्या कुणाचा नवरा 'गावाला' गेला असेल, तर त्या घरातल्या पोरांना फराळाला नक्की बोलवावं. तो माणूस एक दिवस याच स्टेशनावर उतरणार आहे. तो कसा परत येतो हे जेवढं त्याच्या हातात आहे, तेवढंच आपल्याही हातात आहे.